डब्यातली सही

नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीचा मेल आला. मी जर्मनमधून मराठीत तांत्रिक भाषांतरं करते. चाकणच्या कारखान्यांत जर्मन यंत्रं येतात, आणि त्यांच्यावर काम करणाऱ्यांना ‘झाकण उघडण्याआधी वीज तोडा’, ‘इथे हात घालू नका’ हे मराठीत सांगावं लागतं. माझं पोट त्यावर चालतं. मेल चार ओळींचा होता. नव्या यंत्राचं काम द्यायचंय, पण यंत्र अजून बाजारात आलेलं नाही, त्यामुळे कागदपत्रं साध्या मेलने पाठवता येणार नाहीत. तुमच्याकडे एस/माइम सर्टिफिकेट असेल तर सही केलेला एक मेल पाठवा, पुढचं आम्ही बघतो. एस/माइम म्हणजे मेलवर डिजिटल सही करायची आणि मेल कुलूपबंद करायची पद्धत, आणि सर्टिफिकेट म्हणजे ती सही कुणाची हे सांगणारं डिजिटल ओळखपत्र.

सर्टिफिकेट तर माझ्याकडे आहेच, हे लगेच आठवलं आणि जरा मिरवावंसंही वाटलं. दादाच्या छोट्याशा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत मी नावापुरती संचालक आहे. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर फॉर्म भरायचे तर संचालकाची डिजिटल सही लागते. ती सही डोंगलमध्ये, म्हणजे पेन ड्राइव्हसारख्या एका कांडीत असते आणि डोंगल सी.ए.कडे असतं. दर दोन वर्षांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक यायची, मी कॅमेऱ्यासमोर पॅन कार्ड धरून आपलं नाव सांगायचे, आलेला ओटीपी कळवायचे आणि विसरून जायचे. आपण कशाला होकार दिला, हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

सी.ए.च्या ऑफिसात गेले तेव्हा तिथल्या मुलाने खणातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत चाळीस-पन्नास डोंगलं. प्रत्येकावर पांढरी पट्टी, पट्टीवर बॉलपेनने नाव. लग्नघरात चपला शोधाव्यात तसं त्याने माझं शोधून दिलं.

‘पिन काय आहे?’ मी विचारलं.

‘एक ते आठ, मॅडम.’

‘म्हणजे?’

‘एक दोन तीन चार पाच सहा सात आठ. सगळ्यांचा तोच ठेवतो. नाहीतर गोंधळ होतो.’

त्याचा काही दोष नव्हता. ऑक्टोबरात शंभर कंपन्यांचे फॉर्म एकदम भरायचे असतात, आणि संचालक मंडळी कधी सिंगापूरला, कधी लग्नाला. पण रिक्षात बसल्यावर ते डोंगल हातात घेऊन बघत होते तेव्हा पोटात जरा खड्डा पडला. माझी सही पाच वर्षं दुसऱ्याच्या डब्यात होती, आणि कोणत्या कागदांवर उठली याची माझ्याकडे कसलीही नोंद नव्हती.

घरी आल्यावर मावसभावाला फोन लावला. तो कोल्हापूरला एका बँकेच्या आयटी विभागात आहे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याने व्हिडिओ कॉलवर लॅपटॉपमध्ये सर्टिफिकेट उघडायला लावलं. माझं नाव होतं, राज्य होतं, पिनकोड होता. ई-मेलच्या जागी मात्र सी.ए.च्या ऑफिसचा पत्ता.

‘ताई, संपलं. मेलवरची सही ज्या पत्त्यावरून मेल जातो त्याच्याशी जुळायला लागते. या सर्टिफिकेटने तू फार तर त्यांच्या ऑफिसच्या नावाने मेल पाठवशील.’

‘आणि पत्ता बरोबर असता तर?’

‘तरी अर्धंच काम झालं असतं. हे फक्त सहीचं आहे. तुला कुणी कुलूपबंद मेल पाठवायचा तर एन्क्रिप्शनचं सर्टिफिकेट वेगळं घ्यावं लागतं.’

हे वेगळं का, ते मला नंतर कळलं, आणि किंमत मोजून कळलं. तेव्हा वाटलं, दोन विकायचे म्हणून दोन केले असतील.

पहिलं काम म्हणजे जुनं सर्टिफिकेट रद्द करून घेतलं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातलं ४२ वं कलम मी त्या आठवड्यात पहिल्यांदा वाचलं. खाजगी किल्लीवर, म्हणजे जिच्याने सही उठते त्या गुप्त आकड्यावर, आपला ताबा राहील याची काळजी घेणं, ती फुटू न देणं, आणि फुटलीच तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवणं, ही सगळी जबाबदारी सही ज्याच्या नावावर त्याची. डब्याची नाही, डबा सांभाळणाऱ्याचीही नाही. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘अगं, सगळे असंच करतात.’ सगळे असंच करतात हे खरं आहे.

मग नवं घेतलं, स्वतः, सही आणि एन्क्रिप्शन अशी जोडी. १ जानेवारी २०२१ पासून क्लास टू, म्हणजे खालच्या दर्जाचं सर्टिफिकेट बंद झालंय, त्यामुळे आता क्लास थ्रीच मिळतं. पॅन, आधार, मोबाइलवर ओटीपी, मेलवर ओटीपी, आणि मग तो व्हिडिओ. या वेळी पडद्यावर आलेलं वाक्य नीट वाचून मगच मोठ्याने म्हटलं. पहिला व्हिडिओ नाकारला गेला, कारण पॅन कार्डावर ट्यूबलाइटची चमक येत होती. दुसऱ्या वेळी बाल्कनीत गेले, तर शेजारच्या काकू कठड्यावरून विचारायला लागल्या की कुणाला नाव सांगतेयस. तिसरा चालला.

टोकन, म्हणजे तसलंच डोंगल, कुरियरने आलं. ते लावून ठेवायचं, त्याचं सॉफ्टवेअर टाकायचं आणि सर्टिफिकेट डाउनलोड करायचं. म्हणायला डाउनलोड, पण किल्ली खाली उतरत नाही. ती टोकनच्या आतच तयार होते आणि तिथून बाहेर काढता येत नाही. बाहेरून येतो तो फक्त संस्थेचा शिक्का. पिन मी आठ आकड्यांचाच ठेवला, पण एक ते आठ नाही.

थंडरबर्डला, म्हणजे माझ्या मेलच्या प्रोग्रॅमला, टोकन दिसायला एक संध्याकाळ गेली. सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी डिव्हाइसेस’ शोधायचं, तिथे टोकनसोबत आलेली एक डीएलएल फाइल दाखवायची. ती कुठल्या फोल्डरात बसलीय हे कुठेही लिहिलेलं नसतं. शेवटी टोकन दिसलं, पिन विचारला, मी सही करून मेल स्टुटगार्टला धाडला आणि समाधानाने चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आयटीतल्या माणसाचं सभ्य उत्तर. सही गणिताने बरोबर आहे, पण ही देणारी संस्था आमच्या यंत्रणेला माहीत नाही, त्यामुळे मेलवर लाल खूण येते. कृपया दुसरं सर्टिफिकेट घ्यावं.

मला रागच आला. व्हिडिओ दिला, आधार दिलं, पॅन दिलं, सरकारमान्य सही आहे, आणि यांना ती ‘माहीत नाही’! मावसभावाने समजावलं ते असं. आपल्याकडे सर्टिफिकेट देणाऱ्या सगळ्या परवानाधारक संस्थांच्या वर एक मूळ आहे, कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज, म्हणजे सीसीए. भारताच्या कायद्यासाठी ते मूळ पक्कं. पण संगणकाला कायदा कळत नाही, त्याच्या पोटात विश्वासू मुळांची एक यादी असते. मायक्रोसॉफ्टची एक, ॲपलची एक, मोझिलाची एक. स्टुटगार्टच्या यंत्रणेच्या यादीत आपलं सीसीए नाही, आणि थंडरबर्ड वापरतं त्या मोझिलाच्या यादीतही नाही.

‘तलाठ्याचा शिक्का खोटा नसतो ताई. पण तो घेऊन जर्मनीत घर घ्यायला गेलीस तर ते विचारणारच, हा कोण?’

त्यानेच २०१४ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी जुलैत गूगलच्या लक्षात आलं की एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या मध्यस्थ सर्टिफिकेटांवरून, म्हणजे मूळ आणि शेवटचं सर्टिफिकेट यांना जोडणाऱ्या मधल्या कड्यांवरून, गूगलच्याच काही पत्त्यांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघालीत. एनआयसीचं मूळ सीसीएकडे, आणि सीसीए तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या यादीत, म्हणजे विंडोजवरच्या बहुतेक प्रोग्रॅमांनी ती खरी मानली असती. सीसीएने ती मध्यस्थ सर्टिफिकेटं दुसऱ्याच दिवशी रद्द केली. तरी गूगलने क्रोममध्ये सीसीएचं मूळ भारतातल्या ठरावीक सात डोमेनपुरतं बांधून टाकलं. मोझिलाच्या फायरफॉक्सला काही करावंच लागलं नाही, कारण त्याच्या यादीत ते नव्हतंच. एका कार्यालयातली चूक, पण पत जाते ती सगळ्या शिक्क्याची.

मग इटलीतल्या एका कंपनीचं फुकट सर्टिफिकेट घेतलं, एक वर्षाच्या मुदतीचं. दहा मिनिटांचं काम. मेलचा पत्ता टाका, त्यावर आलेला आकडा भरा, झालं. ना पॅन, ना व्हिडिओ, ना बाल्कनीतल्या काकू. नावसुद्धा विचारलं नाही. सर्टिफिकेटमध्ये नावाच्या जागीही माझा मेलचा पत्ताच. आणि स्टुटगार्टला ते एका सेकंदात चाललं, हिरवी खूण!

यात अन्याय झाला असं मला बरेच दिवस वाटत होतं. आता वाटत नाही. दोन सर्टिफिकेटं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. टोकनमधलं सांगतं, ही बाई कायद्यापुढे कोण. इटलीचं फक्त एवढंच सांगतं की या पत्त्याची पेटी हिच्या ताब्यात आहे. जर्मन कंपनीला माझं आधार नको होतं. मेल मधल्यामध्ये कुणी वाचू नये आणि तो माझ्याच पेटीतून निघालेला असावा, एवढं पुरे होतं. मेल सर्टिफिकेटांची ही प्रतवारीही अलीकडची. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या आणि ब्राउझरवाले यांच्या मंडळाने ठरवलेले नियम १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाले, म्हणजे माझ्या दोनच महिने आधी. त्याआधी मेलच्या सर्टिफिकेटांना असे सामायिक नियमच नव्हते.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. इटलीहून आलेली फाइल तयारच होती, किल्लीसकट. म्हणजे माझी किल्ली त्यांच्या संगणकावर तयार झाली आणि मग मला पाठवली गेली. त्यांनी प्रत ठेवली नसेल, तसं ते म्हणतातही. पण डब्याचा अनुभव ताजा होता. पूर्वी ब्राउझर स्वतः किल्ली बनवायचा आणि तिचा उघडा अर्धाच भाग, म्हणजे कुणालाही दिला तरी चालतो तो, पुढे पाठवायचा. ती सोय क्रोमने २०१७ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये काढून टाकली. मावसभाऊ एका रविवारी पुण्याला आला तेव्हा त्याने काळ्या खिडकीत तीन-चार आज्ञा टाइप करून किल्ली माझ्याच लॅपटॉपवर बनवली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मी दुसऱ्या एका कंपनीकडून पैसे भरून त्या किल्लीवर वर्षभराचं सर्टिफिकेट घेतलं. जेवताना त्याने सांगितलं की सर्टिफिकेटची मुळात कल्पनाच एका विद्यार्थ्याची. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी उघड्या किल्ल्या एका सार्वजनिक यादीत ठेवाव्यात असं सुचवलं होतं, टेलिफोन डिरेक्टरीसारख्या. एमआयटीतल्या लॉरेन कोनफेल्डरने १९७८ च्या आपल्या पदवीच्या प्रबंधात म्हटलं, यादी कशाला, प्रत्येक किल्लीला सही केलेली एक चिठ्ठीच जोडा. माझी आई वाढता वाढता म्हणाली, ‘म्हणजे रेशन कार्डच की.’

काम सुरू झाल्यापासूनचे महिने सुरळीत गेले असं नाही म्हणता येणार. पहिल्याच आठवड्यात मी विषयाच्या ओळीत यंत्राचं पूर्ण नाव आणि मॉडेल नंबर लिहून मेल पाठवला. जर्मनीहून लगेच फोन. मेलचा मजकूर आणि जोडपत्रं कुलपात जातात, विषयाची ओळ उघडीच जाते, पोस्टकार्डासारखी. यंत्राचं गुपित राखायला एवढा खटाटोप, आणि मी ते दारावर पाटी लावून पाठवलं. तेव्हापासून माझ्या सगळ्या मेलांचा विषय ‘काम’, ‘काम २’, ‘काम ३’.

त्यांनी दुसरी सूचना केली ती मेलमधली चित्रं आपोआप उतरवू न देण्याची. मे २०१८ मध्ये म्युन्स्टर, बोखुम आणि लूव्हन इथल्या संशोधकांनी दाखवलं होतं की कुलूपबंद मेलमध्ये फेरफार करून तो पुन्हा पाठवला, तर मेल उघडणाऱ्याचा स्वतःचाच प्रोग्रॅम आतला मजकूर चित्राच्या पत्त्याला चिकटवून बाहेर पाठवू शकतो. कुलूप फोडायचं नाही, घरमालकाकडूनच दार उघडून घ्यायचं. थंडरबर्डमध्ये बाहेरची चित्रं मुळातच अडवलेली असतात. मी ती कधीतरी एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी चालू केली होती.

आणि मोबाइल. मे महिन्यात वाईला मामेबहिणीचं लग्न होतं. अक्षता पडताहेत आणि फोनवर स्टुटगार्टचा मेल. उघडला तर आत मजकूर काहीच नाही, फक्त एक जोडपत्र, ‘स्माइम डॉट पी-सेव्हन-एम’. माझ्या साध्या जीमेल ॲपला ते उघडता येत नाही, किल्ली लॅपटॉपवर, लॅपटॉप पुण्यात. तातडीचं असेल म्हणून जेवण अर्धवट टाकून कार्यालयाच्या मागे जाऊन फोन केला. तिकडची बाई म्हणाली, छे, सुट्टीवर जाण्याआधी शुभेच्छा दिल्या होत्या. त्यांच्याकडे कंपनीतून जाणारा प्रत्येक मेल आपोआप कुलूपबंद होतो, शुभेच्छासुद्धा.

जूनमध्ये त्यांनी मेलऐवजी पोर्टलवर काम द्यायला सुरुवात केली. तिथे पासवर्ड नाहीच. कंपनीने स्वतःच्या घरचं एक सर्टिफिकेट माझ्या नावाने काढलं, फाइल कुलूपबंद मेलने पाठवली, आणि तिचा पासवर्ड फोनवर सांगितला. पलीकडची बाई जुन्या वळणाची, एकेक अक्षर ‘आन्टोन, बेर्टा, सीझर’ असं नावाने उच्चारत होती. मी देवनागरीत लिहून घेत होते आणि मग पुन्हा रोमनमध्ये उतरवत होते, त्यामुळे दोनदा चुकलं.

पहिल्यांदा पोर्टल उघडलं तेव्हा ब्राउझरने एक चौकट दाखवली: ओळख पटवायला सर्टिफिकेट निवडा. यादीत तीन. टोकन तेव्हा लावलेलंच होतं, कारण दादाचं काहीतरी चालू होतं. मी सवयीने जे सगळ्यात भारदस्त वाटलं ते निवडलं, आपलं सरकारमान्य. पिन विचारला, दिला, आणि समोर ‘४०३, प्रवेश नाही’. पान पुन्हा उघडलं, तेच. चौकट परत येईचना. ब्राउझरने माझी निवड लक्षात ठेवली होती आणि तो इमानाने तेच चुकीचं सर्टिफिकेट दाखवत होता. अर्ध्या तासाने कळलं की ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो नव्याने सुरू करायचा असतो. सर्व्हरने कुणाकुणाची सर्टिफिकेटं चालतील ही यादी पाठवली असती तर बाकीची दिसलीच नसती, असं मावसभावाचं म्हणणं. असेलही.

पण एकदा बसलं की हे लॉगिन मला फार आवडलं. टाइप काही करायचं नाही. त्या भेटीपुरत्या संभाषणावर माझा ब्राउझर खाजगी किल्लीने सही करतो, सर्व्हर ती सर्टिफिकेटशी ताडून बघतो आणि दार उघडतं. किल्ली माझ्या लॅपटॉपमधून बाहेर जात नाही. उद्या कुणी हुबेहूब तसंच दिसणारं खोटं पान उभं केलं तरी तिथे माझ्याकडून चोरण्यासारखं काही नाही. बँकेच्या ओटीपीची वाट बघत जिन्यात रेंज शोधताना मला हे पोर्टल हमखास आठवतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्टिफिकेटची मुदत संपली. नवी किल्ली, नवं सर्टिफिकेट, त्यांना सही केलेला नवा मेल; हे आता अंगवळणी पडलं होतं. त्याच सुमारास लॅपटॉप रडायला लागला म्हणून विंडोज पुन्हा टाकून घेतलं. नवी किल्ली घातली, काम सुरू. दोन आठवड्यांनी एका शब्दावरून वाद निघाला. ‘फ्लान्श’ला मराठीत ‘फ्लँज’ ठेवायचं की ‘कडा’, हे आम्ही पहिल्या कामात ठरवलं होतं, शब्दसूचीसकट. जुना मेल उघडायला गेले तर थंडरबर्ड म्हणालं, उघडता येत नाही.

सर्टिफिकेटची मुदत संपली तरी किल्ली टाकायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी ऐकलं नसेल. मुदत संपल्यावर नवे मेल त्या किल्लीने येत नाहीत, पण जुने सगळे अजून तिच्यानेच उघडतात. सही आणि एन्क्रिप्शन वेगळं का, ते आता कळलं. सहीच्या किल्लीची प्रत कुठेच असू नये. हरवली तर नवी घ्यायची, जुन्या सह्या तपासायला ती लागत नाही. एन्क्रिप्शनच्या किल्लीची प्रत मात्र असायलाच हवी. ती गेली की कपाट गेलं.

मावसभावाने त्या रविवारी लॅपटॉपवर बनवलेली किल्ली एका पेन ड्राइव्हवर उतरवून आईकडे दिली होती. तो तिने देव्हाऱ्याखालच्या खणात, घराच्या इंडेक्स टूच्या पाकिटात ठेवला होता. पासवर्ड त्याच्या वहीत निघाला. मेल उघडले. इटलीच्या किल्लीची प्रत मात्र कुठेच नव्हती. डिसेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४, एकूण अकरा मेल, आणि शब्दसूची नेमकी त्यांतच. माझी किल्ली त्यांच्याकडे तर राहिली नसेल ना, म्हणून मी कुरकुर केली होती. आता वाटलं, ठेवली असती तर काय बिघडलं असतं? विचारलं तर त्यांचं उत्तर आलं, आम्ही प्रत ठेवत नाही. शब्दसूची शेवटी स्टुटगार्टने त्यांच्याकडून परत पाठवली. ते अकरा मेल अजून पेटीत आहेत. तारीख दिसते, आकार दिसतो, विषय दिसतो: ‘काम ४’.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सी.ए.च्या ऑफिसातून फोन आला. ‘मॅडम, कंपनीच्या हिशेबांचा एओसी-फोर फॉर्म भरायचाय, सही लागेल. टोकन पाठवून देता का?’

‘मी येते घेऊन.’

‘अहो, कशाला त्रास, कुणाबरोबर पाठवा. पिन व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.’

गेले. त्याच मुलाने खुर्ची पुढे सरकवली. टेबलावर तोच डबा उघडा होता, आणि वरच्या डोंगलच्या पट्टीवर दादाचं नाव. मी माझं टोकन लावलं. फॉर्म आधी वाचायला मागितला तेव्हा त्याने घड्याळाकडे बघितलं, पण सगळी पानं दाखवली. मग पडद्यावर पिनची चौकट आली. तो क्षणभर घुटमळला, आणि मी टाइप करेपर्यंत मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिला.